फेकून दिलेली गाठ

"मागची गाठ तपासायला कुठे पाठवली होती?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांचा अंगठा सूनबाईच्या मागच्या उजव्या पायावर, गुडघ्याच्या जरा वर, जुन्या टाक्यांच्या रेघेशी थांबला होता. सूनबाई म्हणजे कुत्री. दादानं लग्न करणार नाही म्हणून एकदाचं ठणकावून सांगितलं, त्याच आठवड्यात आप्पा कोटाच्या आत एक चिखलानं माखलेलं पिल्लू घेऊन आले होते आणि दारातच म्हणाले होते, "ही घ्या, आणली मी सून. तुमच्या भरवशावर बसलो असतो तर उंबरठा तसाच कोरडा राहिला असता." तेव्हापासून ती सूनबाई. आता तोंडाभोवती पांढरी झाली होती, डाव्या डोळ्यावर किंचित साय आली होती, आणि स्टीलच्या गार टेबलावर तिचे पंजे सरकत होते. डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर कुत्र्याची नुसती बाह्यरेषा काढली होती आणि त्यावर गोल करत चालल्या होत्या. छातीखाली एक गोल: मऊ, बोटांखाली इकडून तिकडे पळणारी, कैक वर्षांची. पापणीवर एक बारका गोल: चामखीळ. आणि तिसरा इथे, मांडीवर. हा गोल त्यांनी दोनदा गिरवला. "छातीखालची चरबीची वाटते," त्या म्हणाल्या, "पण वाटते म्हणजे हाताला वाटते, एवढंच. हाताला सगळं कळत असतं तर सुया कशाला लागल्या असत्या? ही मात्र मला आवडत नाहीये. खालच्या मांसाला धरून बसलीय. म्हणून विचारते, मागे इथलीच गाठ काढली ना? ती काय निघाली होती?"

काय निघाली होती? टेबलाशी उभ्या असलेल्या, आप्पांच्या लेकीच्या डोळ्यांपुढे थोरले डॉक्टर आले. ते आता दवाखाना या बाईंच्या हाती देऊन मुलाकडे राहायला गेले होते. 'छान निघाली हो, अख्खीच्या अख्खी निघाली,' असं ते फोनवर म्हणाले होते, झाडावरून एखादं फळ उतरवल्यासारखं. ती त्या 'छान'वर विसंबून राहिली होती. छान निघाली म्हणजे चांगली निघाली, असाच अर्थ कोणीही घेईल. "पाठवलीच असेल की," ती म्हणाली, "तुमच्याकडेच असेल बघा." डॉक्टरीणबाई आत गेल्या. आत खणांची उघडझाप झाली. सूनबाई दाराकडे बघत होती, कान मागे टाकून. मग त्या बाहेर आल्या आणि टेबलाशी उभ्या राहून, बोलावं की नको अशा सुरात म्हणाल्या, "नाही पाठवली. टाकून दिलीय."

टाकून दिलीय. शिळा भात टाकतात तशी. वहाणेचा तुटका अंगठा टाकतात तशी. एका जिवाच्या अंगात महिनोन् महिने वाढलेली वस्तू सुरीनं कापून बाहेर काढायची, बरणीत धरायची, आणि मग ती काय आहे हे न विचारता कचऱ्याच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधायचं! "कुणाला विचारून टाकलीत?" तिचा आवाज एवढा चढला की बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी मांजर पेटीत फिसकारलं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही न विचारता टाकत नाही. घरच्यांनी नको म्हटलं तरच." तेवढ्यात टेबलापाशी बसणारी, पावत्या फाडणारी बाई बाहेरून म्हणाली, "मला आठवतंय ना. संध्याकाळी हिला न्यायला दोघं आले होते. डॉक्टर बरणी दाखवायला लागले, तर म्हणाले, ती आधी डोळ्यांआड करा. तपासायचं काही नाही. टाकून द्या म्हणजे द्या." "कोण म्हणालं? उंच, ओल्या केसांचा?" "ते होते. आणि एक म्हातारेही होते. बोललं कोण, ते नाही बाई आठवत. पण बोलणं आठवतंय, कारण लोक उलट बरणी घरी मागतात. एकजण तर फोटो काढून घेऊन गेला."

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावून सांगितलं. प्रत्येक वाक्य तिच्या अंगावर कुणीतरी मोजून टाकल्यासारखं पडत गेलं. पहिली गाठ तपासली असती तर कोणत्या जातीची ते कळलं असतं. तिच्या कडा स्वच्छ होत्या की मुळं आतच राहिली, तेही कळलं असतं. मुळं राहिली असती तर लगेच थोडी आणखी कातडी घेता आली असती. आता त्याच जागी ही उगवलीय. जुनीच डोकं वर काढतेय की नवी आहे, हे कुणाला विचारणार? "मग आत्ता घाला सुई," ती म्हणाली. त्यांनी घालून पाहिली. म्हणजे सुई पायाजवळ नेली, आणि सूनबाईनं, जिनं जन्मात कुणाला ओरखडा काढला नव्हता तिनं, दात दाखवून असा काही आवाज काढला की दोघी मागे सरल्या. "भूल देऊन करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण हिच्या हृदयात कुरकुर ऐकू येतेय मला. मोठ्या ऑपरेशनसाठी, वेळ आली तर पाय काढण्यासाठी, तो धोका मी घेईन, पाच मिनिटांच्या सुईसाठी नाही घेणार. कुणाचं ऐकते ही?" "आप्पांचं. माझ्या वडिलांचं." "मग त्यांना आणा धरायला. उद्याच आणा. माझा संशय खरा असेल तर ही वाट बघत बसणारी गाठ नाही."

बाहेर रस्त्यावर ऊन एवढं पांढरं होतं की दुकानांच्या पाट्या वाचता येत नव्हत्या. सूनबाई दवाखान्यातून सुटल्याच्या आनंदात चार पायांवर तुरुतुरु चालत होती, प्रत्येक खांबाची विचारपूस करत. तिला त्या आनंदाचाही राग आला. कोपऱ्यावरच्या टपाल पेटीशी थांबून तिनं दादाला फोन लावला. दादा सार्वजनिक तलावावर पोरांना पोहायला शिकवायचा. त्याच्या बोटांच्या टोकांवर कायम सुरकुत्या असत, आणि फोनवर त्याच्या पाठीमागे कायम एक घुमणारी ओली ओरड. "गाठ टाकून द्यायला तू सांगितलंस?" पलीकडे शिट्टी वाजली. "संध्याकाळी बोलू गं." "आत्ता बोल." "अगं, पाण्यात पोरं आहेत." "पाण्यात पोरं आहेत, आणि डोक्यात काय आहे तुझ्या? पाणीच ना?" "मी नाही सांगितलं," दादा म्हणाला. "मग थोरल्या डॉक्टरांना काय देवानं येऊन सांगितलं?" पुन्हा शिट्टी. मग दादाचा आवाज एकदम जवळ आला, फोनच्या तोंडावर हात धरल्यासारखा. "हे बघ, आप्पांना काही बोलू नकोस."

म्हणजे आप्पा. राग दादाच्या मापाचा शिवून तयार केला होता, आणि आता तो आप्पांना घालायचा होता. तो बसेना, नि उतरेनाही. घरी पोचली तेव्हा आप्पा दारातच उभे होते, हाताला हात घासत. "काय म्हणाली डॉक्टरीण?" तिनं सूनबाईची साखळी त्यांच्या हातात दिली. आप्पांनी पुढे काही विचारलं नाही. तेच तिला जास्त लागलं. माणूस विचारत नाही म्हणजे काय? या घरात न विचारण्याची कलाच होती. तिघांत कुणाला ताप आला तर 'जरा कसर आहे' म्हणायचं, कुणाची नोकरी गेली तर 'सध्या घरी असतो' म्हणायचं, आणि आई गेली तेव्हा तर आप्पांनी सगळ्यांना 'ती आता नाही' एवढंच सांगितलं होतं, जणू बाजारात गेलीय आणि परतायला उशीर होतोय.

तिचं काम शहराच्या बस सेवेच्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत होतं. लांबट, तळघरातली खोली, फळ्यांवर फळ्या, आणि त्यांवर माणसांनी विसरलेलं सगळं काही: छत्र्या तर शेकड्यांनी, डबे, एका पायाचे बूट, अर्धवट विणलेला स्वेटर सुयांसकट, कुबडी (माणूस कुबडी विसरून उतरतो आणि चालत घरी जातो, हे कसं, यावर तिच्या साहेबांची वर्षानुवर्षं थट्टा चालू होती: "आमच्या बसमध्ये चमत्कार होतात बाई, तिकिटाचे दर वाढवायला हवेत."). डबीत ठेवलेली एक कवळी होती. ती न्यायला कुणी आलं नव्हतं, पण ती टाकलीही नव्हती. टाकायचं नाही, हाच तर या खोलीचा धर्म. एकटा हातमोजासुद्धा चिठ्ठी बांधून ठेवायचा, कारण कुणीतरी दुसरा हातमोजा खिशात घेऊन कधीतरी येईल आणि म्हणेल, हाच तो. त्या दिवशी ती फळ्यांमधून फिरत राहिली आणि प्रत्येक चिठ्ठी तिला टोमणा मारत राहिली. मोज्याला चिठ्ठी. डब्याच्या झाकणाला चिठ्ठी. आणि सूनबाईच्या अंगातून निघालेल्या मांसाला? "तोंड का असं?" साहेबांनी चहाच्या वेळी विचारलं. तिनं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्ट हलकी करून हातात द्यायची सवय. "अहो, कुत्र्याची गाठ ती," तो म्हणाला. "जपून ठेवायला काय सोन्याची होती? गेली ते बरं झालं. इडा पिडा टळली म्हणायचं." "टळली नाही, साहेब. परत आलीय." "मग परत काढायची." "पायासकट?" साहेबानं बशीतला चहा संपवला. नंतर त्यानं तिच्या टेबलावर मुकाट्यानं दोन बिस्किटं आणून ठेवली. तिला त्या बिस्किटांचाही राग आला, आणि त्यातलं एक तिनं खाल्लं.

आई असती तर आज मजा आली असती. आई देवाशी भांडायची. भक्तीनंच भांडायची, पण भांडायची. भांडी घासता घासता सूर लावायची आणि मधेच सूर मोडून म्हणायची, "तुला तिथे बसून काय दिसतं रे? ये जरा खाली, बघ ही कढई." दूध उतू गेलं की देव जबाबदार, वीज गेली की देव जबाबदार, आणि एखादी गोष्ट मनासारखी झाली की ताठ मानेनं सांगायची, "बघ, झालं की नाही? तुला उगीच आढेवेढे." देव म्हणजे तिला शेजारच्या घरातला, कर्जबुडव्या पण मायाळू दीर वाटायचा. घरात तो नांदता होता तो त्या भांडणामुळे. आणि आईच्या गळ्याशी जेव्हा गाठ आली, तेव्हाही पहिले काही दिवस ती भांडलीच. "एवढं अंग दिलंस, त्यात तुला जागा मिळाली ती गळ्याशी? गाणाऱ्या माणसाच्या?" मग गाठ काढली, तपासायला पाठवली, आणि एके दिवशी आप्पा आणि आई दोघं दवाखान्यात बसून आले. ती स्वतः तेव्हा दुसऱ्या शहरात नोकरीला होती. सुटी काढून आली, तोवर आई गप्प झाली होती. भांडणं थांबली होती. आई देवापुढे हात जोडून नुसती उभी राहायची, परक्या घरी पाहुणी उभी राहते तशी. ते बघून तिला रडू आलं नव्हतं, संताप आला होता: अगं, भांड ना. आता नाही भांडायचं तर कधी? आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. ती उणीव कुणी भरून काढली नाही. फक्त लेकीनं हळूहळू, आपल्याही नकळत, देवाशी ते भांडण पुढे चालू ठेवलं, घराण्याचा व्यवसाय चालवावा तसं. आताही, चिठ्ठ्या बांधता बांधता ती मनात म्हणत होती, तुला कुत्री तेवढी सापडली का रे? ज्या जिवानं जन्मभर कुणाचं वाकडं चिंतलं नाही, कुणाचं एक हाड चोरलं नाही (एकदाच चोरलं होतं, आणि तेही परत आणून ठेवलं होतं, अर्धं), तिलाच? आणि तिच्या राखणीला माणूस ठेवलास तोही असा, जो विचारत नाही?

संध्याकाळी आप्पा स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून सूनबाईचे केस विंचरत होते. दादा ओट्याशी कांदा चिरत होता आणि पाठ वळवून उभा होता, म्हणजे सगळं ऐकत होता. तिनं पिशवी खाली ठेवली नाही. "उद्या हिला सुई घालायची आहे. तुम्ही धरायला यायचंय." "नको," आप्पा म्हणाले. "कशाला टोचाटोची? म्हातारी झालीय. खाते, पिते, खुशाल आहे." "पहिली गाठ तुम्ही टाकायला लावलीत." दादाची सुरी थांबली. आप्पांनी कंगव्यातले केस काढले, त्यांची बारीक गोळी केली आणि शेजारी ठेवली. "हो," ते म्हणाले. "का?" "काय करायचं होतं कळून?" "काय करायचं होतं? औषध करायचं होतं! आणखी कातडी काढायची होती! आप्पा, माणसं डोळे मिटून रस्ता ओलांडत नाहीत, आणि तुम्ही तिला..." "तुझी आई," आप्पा म्हणाले, आणि थांबले. मग कंगव्याकडे बघत पुढे म्हणाले, "तुझी आई त्या दिवशी सकाळी पोळ्या करून निघाली होती. माझ्याशी भांडून निघाली होती, मी छत्री घेतली नाही म्हणून. रस्त्यानं तिनं पेरू घेतले. खुशाल होती. आणि दवाखान्यातल्या त्या गृहस्थानं, दार उघडं ठेवून, बाहेरची माणसं ऐकताहेत, भाजीचा भाव सांगावा तसं तिच्या तोंडावर रोगाचं नाव सांगितलं. तिच्या तोंडावर. मी शेजारी बसलो होतो. घरी आल्यावर ती आजारी होती. सकाळी नव्हती, संध्याकाळी होती. मधे काय झालं? एक शब्द झाला." "आप्पा, सांगितल्यानं रोग होत नाही." "होतो," आप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत झाला. तू नव्हतीस तिथे."

तू नव्हतीस तिथे. हे वाक्य या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं, पण ते भिंतीतल्या ओलीसारखं होतंच. तिचा राग आता चारी बाजूंना फिरत होता. त्या गृहस्थाकडे, ज्यानं दार लावलं नाही. एक दार लावायला काय लागतं? थोरल्या डॉक्टरांकडे, ज्यांनी एका घाबरलेल्या म्हाताऱ्याचं ऐकलं, कारण त्यांना जेवायला उशीर होत असणार. दादाकडे, जो तिथे उभा होता आणि पाण्यातल्यासारखा मुका होता. "आणि तू?" ती त्याच्यावर उसळली. "तुझं तोंड काय गहाण पडलं होतं?" "आप्पा बरणीकडे पाठ करून उभे होते गं," दादा भिंतीकडे बघत म्हणाला. "मी म्हटलं, जाऊ दे." "जाऊ दे! या घरावर पाटी लावा, जाऊ दे निवास!" दादाला हसू आलं, ते त्यानं कांद्यावर ढकललं, आणि डोळे पुसले. तेवढ्यात सूनबाईनं मान वळवून मांडीवरची ती जागा चाटायला सुरुवात केली, आणि आप्पांचा हात, न बघता, सवयीनं, थेट तिथे गेला आणि तिचं तोंड हळूच बाजूला सारून त्या गाठीवर आच्छादनासारखा राहिला. अंधारात माणसाचा हात विजेच्या बटणावर जातो, तसा अचूक. तिनं ते पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मला परवा अंघोळ घालताना हाताला लागली. तुम्ही तर रोज हात फिरवता. तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे, आप्पा?" आप्पांनी हात काढला नाही. "आई निदान तुमच्या शेजारी बसून गेली. ही तुमच्या हाताखालून जाईल." "बस्स झालं," दादा म्हणाला. बस्स झालंच होतं. बोलून झाल्यावर तिच्याही तोंडाला कडू चव आली, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. खरं ते खरं. ती पिशवी घेऊन आपल्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेवर बसून देवाला म्हणाली, हे तूच करून ठेवलंस. माझ्याकडे बघू नकोस.

सकाळी ती चहा प्यायला आली तेव्हा आप्पा बूट घालून, मफलर गुंडाळून, साखळी हातात घेऊन दाराशी बसले होते. "धरायला येतो," ते म्हणाले. "ऐकायला येणार नाही." "ठीक आहे." दवाखान्यात आप्पा थेट आत गेले आणि टेबलाशी वाकून त्यांनी सूनबाईचं डोकं आपल्या काखेत घेतलं, हनुवटी तिच्या कपाळावर टेकवली, आणि पुटपुटायला लागले: काय नाही गं, काय नाही, मुंगी चावली, मुंगी. डॉक्टरीणबाईंनी केस थोडे कापले, कापूस फिरवला, दोन बोटांत गाठ पकडली. सुई एवढी बारीक होती की उन्हात नीट दिसेना. ती आत गेली, जागच्या जागी दोनतीनदा मागेपुढे झाली, बाहेर आली. सूनबाईच्या कातडीवरून एक लाट गेली, एवढंच. मग काचेच्या पट्टीवर फुस्स करून थेंब. थेंब कसला, नुसता ओलावा. दुसरी पट्टी त्यावर टेकवून अलगद ओढली. छातीखालच्या जुन्या गाठीतही सुई घातली, तिची पट्टी तुपाचा हात लागल्यासारखी तेलकट झाली. "ही चरबीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिचं भय नाही." शेवटी जांघेत, जिथे शरीराची राखणी करणारी बारीक गाठ असते, तिथेही एक. "तिथे का?" तिनं विचारलं. "शेजाऱ्याकडे चौकशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आप्पांनी हे काही ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं. सूनबाईला उचलून ते बाहेरच्या बाकाकडे गेले.

आतल्या खोलीत पट्ट्या रंगाच्या बरण्यांत बुडाल्या, निथळल्या, वाळल्या. डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. त्यांच्या मानेवरचा एक केस पंख्यानं हलत होता, तेवढंच खोलीत हलत होतं. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "या, बघा." तिनं डोळा लावला. आधी नुसता उजेड, मग स्वतःच्याच पापण्या, मग एकदम ते दिसलं: गोल गोल पेशी, आणि प्रत्येकीत जांभळे दाणे ठासून भरलेले, काहींमधून सांडलेले. सुंदर होतं. तिला त्या सुंदरपणाचा मनस्वी राग आला. हे असं दिसतं? याला एवढं रंगरूप कशाला दिलंस रे? "या मास्ट पेशी, अंगावर खाज-सूज उठवतात त्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांचाच कर्करोग आहे. ही जात खोड्या काढणारी, मुळं लांब टाकणारी. जांघेतल्या पट्टीत मात्र काही नाही. बहुधा अजून तिथल्या तिथेच आहे. पण मांडीवर आता सगळीकडून पुरेशी कातडी घेऊन काढायला जागा नाही. पाय काढावा लागेल, आणि लवकर. हृदयाची काळजी आम्ही घेऊ." "आणि तेव्हाच कळलं असतं तर?" डॉक्टरीणबाईंनी रंगाच्या बरणीचं झाकण लावलं. "कदाचित आणखी थोडी कातडी घेऊन भागलं असतं. कदाचित. तुम्ही घरच्यांशी बोला. आज ठरलं तर परवा करता येईल."

कदाचित. तो शब्द तिनं दगडासारखा मुठीत धरला. आतून बाहेरच्या खोलीत यायला चारच पावलं होती, आणि त्या चार पावलांत तिची वाक्यं तयार झाली, धार लावलेली, एकामागून एक. हा पाय होता, आप्पा. हा तिचा चालता-फिरता पाय होता, आणि तो तुम्ही कचऱ्यात टाकलात. ती बाहेर आली. तिनं मागचं दार लावलं. नीट लागलं की नाही, हे ओढून बघितलं. बाकावर एक बाई मांडीवर मांजराची पेटी घेऊन बसली होती, एक माणूस पिंजऱ्यातल्या पोपटाशी कुजबुजत होता. आप्पा त्यांच्यापासून दूर, टोकाला, आणि सूनबाई त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकवून. "झालं?" त्यांनी वर न बघता विचारलं. "झालं." ती उभी राहिली. तिला वाटलं, आता हे उठतील, मफलर नीट करतील आणि चला म्हणतील, आणि मग मी रस्त्यात ओरडेन, भर रस्त्यात.

आप्पा बाकावरून खाली उतरले. आधी एक हात फरशीवर, मग एक गुडघा, मग दुसरा. पोपटवाला उठून मदतीला येऊ लागला, त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. फरशीवर बसून त्यांनी सूनबाईचं तोंड स्वतःकडे वळवलं आणि आपले दोन्ही तळवे तिच्या दोन्ही कानांवर ठेवले. कानांच्या लोंबत्या पाळ्या नीट दुमडून, फट राहू नये असे, घट्ट दाबून ठेवले. सूनबाईला वाटलं खेळ आहे. तिनं त्यांच्या हनुवटीवरून एक लांब जीभ फिरवली.

"हं," आप्पा म्हणाले. "आता सांग मला."

तिची धारदार वाक्यं होती तिथेच होती, त्यांतलं एकही बोथट झालं नव्हतं. ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली, बसली तेव्हा तिचा गुडघा त्यांच्या बुटाला लागला, आणि जेवढ्या हळू आवाजात बोलता येतं तेवढ्या हळू तिनं सांगितलं. नाव सांगितलं. पायाचं सांगितलं, जांघेत काही नाही तेही सांगितलं. आणि ते कदाचितही सांगितलं. ते तिनं गाळलं नाही. आप्पांनी प्रत्येक गोष्टीला मान हलवली, कदाचितलाही. त्या वेळी त्यांचे डोळे मिटले, पण तळवे हलले नाहीत.

"तीन पायांवर चालतात?"

"चालतात म्हणे."

"आणि पळतात? ही पळते सकाळी. कबुतरांमागे."

"ते मी विचारलं नाही."

"मग विचारून ये," आप्पा म्हणाले. "परवा किती वाजता आणायचं तेही विचार. आणि दार लावून विचार. मी हिला असाच धरून बसतो."